गप्प झालेला दात

भट्टीचं दार उघडून भाजलेल्या मालाची गाडी बाहेर ओढली, की कप बोलायला लागतात. नव्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. त्याला वाटतं, आपली फिरकी घेतायत. पण पाच मिनिटं तोंड मिटून उभं राहिलं, की त्यालाही ऐकू येतं. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग खालच्या फळीवरून कुठूनतरी, टिक, टिक. गरम कप निवताना आकसतो. त्याच्या अंगावरची झिलई, म्हणजे तो काचेसारखा चकचकीत थर, तीही आपल्या मापाने आकसते. दोघांचं जमलं तर उत्तम. नाही जमलं तर झिलईला केसाहून बारीक तडा जातो, आणि जाताना तो एवढासा आवाज करून जातो.

हा आवाज ऐकायला कारखान्यात एक माणूस होता. त्याचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. सगळे त्याला कानमास्तर म्हणत. गाडी बाहेर आली की मास्तर स्टूल ओढून तिच्यासमोर बसत, डोळे मिटत आणि उजवी मूठ गुडघ्यावर ठेवत. त्या मुठीतून एक बोट वर होत नाही तोवर कोणी कपाला हात लावायचा नाही, मग बाजूला खुद्द मालक का उभा असेना. बोट वर करून मास्तर एकच शब्द म्हणत, "निवला." मग ते लाकडाची पेन्सिलीएवढी दांडी घेऊन एकेका कपाला हलकेच ठोकत. खणखणीत वाजला तो उजवीकडे, बद्द वाजला तो डावीकडच्या टोपलीत.

शिकवायची त्यांना भारी हौस. नव्या मुली कामाला आल्या की मास्तर आठवडाभर त्यांच्या हातात कप देत नसत, नुसतं स्टुलाशेजारी बसवत.

"काका, मला तर काहीच ऐकू येत नाही," एखादी म्हणायची.

"येईल. मला पहिले सहा महिने फक्त माझं पोट ऐकू यायचं."

ती हसायची, आणि हसून गप्प झाली की नेमकी तेव्हाच तिला पहिली टिक ऐकू यायची. मास्तरांचा चेहरा असा खुलायचा, जणू तो आवाज त्यांनीच तिच्यासाठी राखून ठेवला होता. मग ते नियम सांगत. बोलणाऱ्याला बोलू द्यायचं, मध्ये हात घालायचा नाही. बोलणं थांबलं, की माल निवला.

एकोणतीस वर्षं हा नियम त्यांना पुरला. पण तो कपांचा नियम होता. मास्तर तो घरी घेऊन गेले, तिथे घोटाळा झाला.

मास्तरांची एकुलती एक लेक त्याच कारखान्यात रंगाच्या खोलीत होती. फिरत्या चाकावर कप ठेवायचा, डाव्या हाताने चाक फिरवायचं, उजव्या हातातला कुंचला कपाच्या काठाला टेकवून श्वास रोखायचा. एका फेऱ्यात निळा पट्टा पुरा व्हायला हवा. जिथून सुरू झाला तिथेच तो असा मिळायला हवा की जोड दिसता कामा नये. हे काम तिच्यासारखं कोणाला जमत नव्हतं. म्हणून तिला सगळे पट्टेवाली म्हणत.

"काय पट्टेवाली, साहेबांच्या दाराबाहेरचं स्टूल सोडून इथे कुठे?" भट्टी सांभाळणारा भट्टीदादा रोज विचारायचा. विनोद रोज तोच, आणि ती रोज नव्याने हसायची. हसताना तिचे वरचे पुढचे दोन दात पुरते दिसायचे. त्यांच्यात तांदूळ मावेल एवढी फट होती, आईकडून आलेली. मास्तरांना ती फट फार आवडायची. लहानपणी लेक त्या फटीतून शिट्टी वाजवायची.

कच्चे कप भट्टीकडे न्यायचे ते लांब फळीवरून. एका फळीवर बारा कप, फळी खांद्यावर. माणूस वळला की फळीची दोन्ही टोकं झाडूसारखी खोलीभर फिरतात, म्हणून वळण्याआधी "वळतोय" असं ओरडायचं. हेही मास्तरांनीच कित्येकांना शिकवलं होतं. त्या दिवशी फळी त्यांच्या खांद्यावर होती, पण कान कोपऱ्यातल्या गाडीकडे होता. नुकत्याच बाहेर आलेल्या त्या गाडीत टिकटिक जरा जास्तच होत होती. मास्तर ऐकत ऐकत वळले आणि ओरडायचे राहिले.

लेक रंग घ्यायला उठली होती. फळीचं टोक तिच्या तोंडावर बसलं. आवाज लहानसाच आला, टक्.

मास्तरांनी आधी वर पाहिलं, फळीकडे. बाराच्या बारा कप जागेवर होते. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं.

मध्ये एक-दोन क्षणच गेले असतील. पण तोंडावर हात दाबून उभी असलेली लेक तेवढ्या वेळात बाप कुठे बघतोय ते पाहत होती.

ओठ फुटला होता. वरचा डावीकडचा पुढचा दात बोट लावलं की किंचित हलत होता. भट्टीदादा धावत बर्फ घेऊन आला. लेकीने रुमाल बाजूला करून विचारलं, "कप वाचले ना?" भट्टीदादा हसला, सुटल्यासारखा. मास्तर हसले नाहीत.

घरी बायकोने लेकीचा ओठ पाहिला आणि पाण्याचं भांडं खाली आपटलं. "ओरडायला काय झालं होतं तुम्हाला? घरात हाक मारता तेव्हा तर भिंती हलतात."

"लक्ष नव्हतं."

"मग लक्ष होतं कुठे?"

लेकच म्हणाली, "जाऊ दे ना आई. आपलेच दात, आपलेच ओठ."

"आणि आपलाच बाप," आई म्हणाली. "सांगणार कुणाला?"

आठवड्याभरात दात घट्ट बसला. ओठाची सूज उतरली. सगळं मागे पडलं असं वाटत असतानाच तिसऱ्या आठवड्यात दात ठणकायला लागला. आधी फक्त गरम चहाने. घोट घशाखाली उतरायचा, कप खाली ठेवला जायचा, आणि दात मात्र ठणकतच राहायचा, मिनिट, दोन मिनिटं. लेक डोळे मिटून टेबलाची कड धरून बसायची. मग तो काही कारण नसतानाही ठणकायला लागला. आडवं झालं की जास्तच. रात्री ती उशी भिंतीला टेकवून बसल्या बसल्या झोपायची. पलीकडच्या खोलीत मास्तरांना तिच्या खाटेची करकर ऐकू यायची. करकर थांबली की त्यांना झोप लागायची.

"उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं," आईने ठरवून टाकलं.

"थांब, आधी बाबांना ऐकू दे," लेक म्हणाली.

ही त्यांच्या घरातली जुनी रीत होती. लेकीचे दुधाचे दात पडायचे तेव्हा मास्तर प्रत्येक दाताला नखाने टिचकी मारून निकाल द्यायचे, "हा पिकला", "हा कच्चा आहे, शाळेत घेऊन जा". त्यांचा निकाल कधी चुकला नव्हता. आता चोवीस वर्षांची लेक खिडकीपाशी खुर्चीवर बसली, डोकं मागे टेकलं आणि तोंड उघडलं. मास्तरांनी खिशातून दांडी काढली, पुसली. आधी शेजारचा दात ठोकला. स्वच्छ आवाज आला. मग त्या दाताला दांडी नुसती टेकवावी तशी ठोकली.

लेकीच्या डोळ्यांत झर्रकन पाणी आलं. आणि आवाज बद्द आला.

मास्तरांना तो ऐकू आला. चांगलाच ऐकू आला. कप असता तर त्यांनी दुसऱ्यांदा विचारही केला नसता, हात आपोआप डावीकडे गेला असता. पण ज्या हातात ही दांडी होती त्याच हाताच्या खांद्यावर ती फळी होती. हा दात बिघडला असेल, तर तो कोणी बिघडवला हे विचारायचीही गरज उरत नव्हती. मास्तरांना तो दात चांगला असायला हवा होता. त्यांनी पुन्हा ठोकून पाहिलं नाही.

"अजून बोलतोय," ते म्हणाले. "मार बसलाय, बोलणारच. बोलू दे. थांबेल आपोआप."

"तुमचा कान म्हणजे काय दवाखाना आहे?" बायको म्हणाली.

"आई, बाबांचा कान कधी चुकलाय?" लेक म्हणाली आणि गालाला थंड पेला लावून उठून गेली.

आणि खरोखरच, अडीच आठवड्यांनी तो थांबला. एका सकाळी लेकीने वाफाळता चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप खाली ठेवला आणि बापाकडे बघत, डोळे मिटून, मूठ गुडघ्यावर ठेवून एक बोट वर केलं.

"निवला," ती म्हणाली.

तिघंही हसली. मास्तरांच्या जिवात जीव आला. त्या दिवशी ते भट्टीदादालाही म्हणाले, लेकीचा दात बरा झाला हो. फक्त बायको भांडी पुसता पुसता म्हणाली, "दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हे कुठल्या पावलांनी गेलं? काल होतं, आज नाही." तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. चांगल्या दिवसांत शंका काढणाऱ्याकडे कोण लक्ष देतं?

महिने गेले. एकदा खिडकीपाशी लेकीचे केस विंचरता विंचरता आई थांबली. "दात नीट घासतेस ना गं?"

"का?"

"हा एक वेगळा दिसतोय."

लेकीने आरशात पाहिलं. दोन दातांमधला डावा किंचित करडा झाला होता. तिने तो दिवसातून तीनदा घासून पाहिला, सोडा लावून पाहिला. दाताने रंग सोडला नाही. मास्तरांनी पाहिलं तेव्हा त्यांना पटकन धुरकट कप आठवले. भट्टीत धूर साचला की काही कप असे करडे पडतात. ते टाकून देत नाहीत, दुय्यम माल म्हणून वेगळे काढतात. मास्तरांच्या घरातली अर्धी मांडणी अशा कपांचीच होती. चहा त्यांतही तितकाच गोड लागतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. लेकीला सांगायचा धीर झाला नाही.

लेक हसताना मनगट तोंडापुढे धरायला लागली. भट्टीदादा म्हणाला, "काय पट्टेवाली, दात काय तिजोरीत ठेवलेस?" त्यावर ती हसली, मनगटाआड. दुसऱ्या दिवशी त्याने जुना विनोद केला तेव्हा तिने नुसती मान हलवली आणि चाक फिरवलं.

पुढे हिरडीवर, त्या दाताच्या मुळापाशी, मोहरीएवढी पुळी आली. दोन दिवसांनी फुटली. तोंडात खारट, घाण चव आली आणि गेली. पुळी बसली. पंधरा दिवसांनी पुन्हा आली.

"दुखतं का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

"मग झालं."

पुढच्या दोन महिन्यांत हे "मग झालं" त्यांनी आणखी दोनदा म्हटलं, दर वेळी आधीपेक्षा हळू.

मग एका सकाळी कारखान्यात एक खोकं परत आलं. तीन महिन्यांपूर्वी पाठवलेले कप होते. भट्टीदादाने झाकण उघडलं, एक कप उजेडात धरला आणि मास्तरांपुढे केला. झिलईखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा पसरल्या होत्या. चहा मुरून त्या तपकिरी झाल्या होत्या. वापरलेला, धुतलेला, आतून नासलेला कप. मास्तरांनी दांडीने ठोकला. बद्द.

"हा माल मला आठवतो," मास्तर म्हणाले. "त्या गाडीपुढे मी तास-दीड तास बसलो होतो. पूर्ण शांत झाल्यावरच बोट वर केलं."

"मग हे तडकले कधी?"

"नंतर. हवेतली ओल आत शिरते, कप हळूहळू फुगतो, झिलई फुगत नाही. आठवडे लागतात."

"आणि तुला आवाज नाही आला?"

"त्याला आवाजच नसतो बहुतेक."

भट्टीदादाने कप खोक्यात टाकला. "माझ्या वहिनीचं असंच झालं. दोन वर्षं भावाशी रोज भांडायची. मग एकदम भांडायची थांबली. आम्ही म्हटलं, चला, मिटलं. ती बाई आत बॅगा भरत होती."

एरवी मास्तर हसले असते. आज ते उठले आणि रंगाच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. लेक चाकावर वाकली होती. काठावरून निळा पट्टा फिरत फिरत आपल्या सुरुवातीला येऊन मिळाला. तिने कुंचला उचलला आणि दारात कोणी नाही असं समजून हिरडीवर बोट दाबून पाहिलं.

"उद्या सुट्टी टाक," मास्तर म्हणाले. "दातांच्या डॉक्टरकडे जायचंय."

ती दचकली. "आता? आता तर दुखतही नाही."

"म्हणूनच."

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बोलणं सावकाश. खोलीत लवंगेच्या तेलाचा वास होता. मास्तरांना त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायला सांगितलं.

"आता मी दाताला गार कापूस लावणार," त्या लेकीला म्हणाल्या. "गार लागलं की हात वर कर."

शेजारच्या दाताला कापूस लावला, हात लगेच वर गेला. मग त्या करड्या दाताला लावला. मास्तर हाताकडे बघत बसले. खुर्चीच्या दांड्यावर तो तसाच पडून होता, नखांच्या कडांना निळा रंग. डॉक्टरीणबाई थांबल्या. आणखी थोडं थांबल्या. हात हलला नाही. मग त्यांनी आरशाच्या दांड्याने आधी एक दात ठोकला, मग दुसरा. कोपऱ्यात बसलेल्या मास्तरांना दोन्ही आवाज ऐकू आले. त्यांनी मान खाली घातली.

मग फोटो काढला. पडद्यावर दोन दात शेजारी शेजारी उभे राहिले. एकाचं मूळ लांब, निमुळतं, सरळ. दुसऱ्याचं अर्ध्यावरच संपलेलं, कडा कुरतडलेल्या, पावसात राहिलेल्या खडूसारख्या. भोवती हाडात काळा डाग.

"मार बसला होता का कधी?"

"नऊ-दहा महिने झाले," लेक म्हणाली.

"मग दुखलं असेल."

"खूप. मग थांबलं."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची फिरवून पडद्याकडे बोट केलं. त्या शिकवणाऱ्या बाई होत्या. मास्तरांनी ते लगेच ओळखलं, आणि त्यामुळे ऐकणं आणखी जड झालं.

"दाताच्या मधोमध ही बारीक नळी असते. तिच्यात नस असते. मार बसला, नस सुजली. दात कडक, आत सुजायला जागा नाही, म्हणून ठणका. गरम चहाचा घोट गेला तरी कळ राहते, झोपलं की वाढते, आपोआप उठते, ठोकलं तर डोळ्यांत पाणी येतं. हे सगळं म्हणजे नस सांगत असते, मला बघा."

"आणि मग ती थांबते ती?" मास्तरांनी विचारलं.

"मरते. सांगणारंच कोणी उरत नाही. आत जी घाण राहते ती मुळाच्या टोकाने बाहेर झिरपते, मूळ खाते, हाड खाते, आणि हिरडीवर पुळी काढून वाट करून घेते. वाट मिळाली म्हणून दुखत नाही. लोकांना वाटतं, बरा झाला." त्यांनी चष्मा गळ्यात सोडला. "ठणकत होता तेव्हा आला असतात, तर ही नळी साफ करून भरून टाकली असती. रूट कॅनाल म्हणतात ते. दात राहिला असता. रंग बदलला तेव्हा आला असतात, तरी बहुतेक राहिला असता. पहिली पुळी आली तेव्हासुद्धा मी प्रयत्न केला असता. आता भरायला मूळच उरलेलं नाही."

त्या एकेक पायरी सांगत होत्या आणि मास्तर एकेका पायरीवर स्वतःला उभं असलेलं पाहत होते.

"थांबायला कोणी सांगितलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. असे प्रश्न त्या रोज विचारत असाव्यात.

"मीच थांबले," लेक म्हणाली. "कामाची गडबड होती."

खोट्याचा कसलाही आवाज आला नाही. मास्तर गप्प राहिले असते तर तिथेच सगळं मिटलं असतं. बायकोला कळलं नसतं, भट्टीदादाला कळलं नसतं, लेकीलाही नाही.

"मी सांगितलं," ते म्हणाले. "मी ठोकून पाहिला होता. आवाज बद्द आला होता. मला ऐकू आला होता."

लेकीने खुर्चीवर पडल्या पडल्या मान वळवली. हे तिला माहीत नव्हतं. इतके दिवस ती समजत होती की बाबांच्या कानाला यात काही ऐकू आलं नाही, चालायचंच, दात म्हणजे काही कप नव्हे.

"तेव्हाच ऐकू आला होता?"

"हो."

तिने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाली, "काढून टाका."

दात काढायला काहीच कष्ट पडले नाहीत, इतकं त्याला धरून ठेवणारं थोडं उरलं होतं. स्टीलच्या तबकात तो पडला तेव्हा आवाजही धड झाला नाही. निघताना डॉक्टरीणबाईंनी लेकीला थांबवलं. "शेजारच्यालाही मार बसलाय. आज तो ठीक आहे, पण त्याच्यावर लक्ष ठेवायचं. गार-गरम लागून लगेच गेलं तर घाबरू नकोस. रेंगाळायला लागलं, चावताना टोचलं, रंग बदलला, हिरडीवर काही आलं, तर ये. आणि दुखता दुखता एकदम गप्प झाला, तर त्याच दिवशी ये. तीन महिन्यांनी तर यायचंच आहे."

तोंडात कापूस होता, म्हणून लेकीने मान हलवली. रस्त्याने ती दोन पावलं पुढे चालली. कोपऱ्यावर वळताना मास्तरांनी सवयीने तिला आतल्या बाजूला घ्यायला हात पुढे केला. ती आधीच आतल्या बाजूला झाली होती.

दोन दिवस ती बोलली नाही. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय, असं बायकोने परस्पर ठरवलं. तिसऱ्या दिवशी, चहा पिताना, लेक म्हणाली, "तुम्ही आधी कपांकडे बघितलंत, ते मी पाहिलं होतं. मी म्हटलं, असू दे, एकोणतीस वर्षांची सवय आहे. त्याचं मला खरंच काही वाटलं नाही, बाबा."

मास्तर ऐकत होते.

"पण ऐकू आल्यावर तुम्ही गप्प बसलात."

प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलणारी बायको चहाची गाळणी हातात धरून उभी होती.

कारखान्यात मास्तर आता गाडीसमोर बसले तरी बोट वर करत नाहीत. नुकत्याच कामाला आलेल्या एका नव्या मुलीला आधी ते उमगलं नाही.

"काका, केव्हाचे शांत झालेत. उचलू?"

"थांब. शाईची बाटली आण."

प्रत्येक गाडीतला एक कप ते शाईने माखतात, ओल्या फडक्याने पुसतात आणि उजेडाला धरतात. तडा असेल तर शाई त्यात राहते, निळी रेघ दिसते. दुसरा एक कप ते खिडकीत ठेवून देतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा शाई लावतात. काम वाढलंय. भट्टीदादा म्हणतो, कानमास्तरचा आता शाईमास्तर झाला.

"मग ऐकायला कशाला शिकवता?" नव्या मुलीने विचारलं.

"बोलतो तेव्हा ऐकायलाच हवं," मास्तर म्हणाले. "मी सांगायचो ते अर्धं होतं. गप्प झाला म्हणजे बरा झाला, असं मी सांगायचो. ते तू विसर."

नव्या मुलीने मान डोलावली. तिला वाटलं, हे कपांबद्दलच आहे.

महिन्याने लेकीला बसवायचा-काढायचा दात मिळाला, गुलाबी तुकड्यावर बसवलेला एकच दात. रंग शेजारच्याशी बरोबर जुळला. फक्त मधली फट त्याने बुजवली. मास्तरांनी ते पहिल्याच दिवशी पाहिलं. लेक पुन्हा मनगटाशिवाय हसते. पण आता हसणं लवकर संपतं.

तीन महिने भरायच्या थोडं आधी, एका संध्याकाळी, गरम चहाच्या घोटाबरोबर ती थबकली. कप तसाच हवेत. ओठ हलत होते, ती मनात आकडे मोजत होती. मास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं. खिशातली दांडी हाताला लागली. ती त्यांनी तशीच राहू दिली.

"किती वेळ राहिलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं लगेच."

"नक्की?"

तिने कप खाली ठेवला. पूर्वीची वेळ असती तर खुर्ची खिडकीपाशी ओढून तिने डोकं मागे टेकलं असतं. "उद्या डॉक्टरांना विचारते," ती म्हणाली.

"मी येऊ?"

"नको. मी जाईन."

जेवण झाल्यावर ती दात काढून मोरीजवळच्या कपात ठेवते. मांडणीवरचाच एक कप, धुरकट, दुय्यम मालातला. मास्तर बाहेरच्या खोलीत बसलेले असतात. रोज त्याच वेळी त्यांना तो आवाज येतो, पाण्यात बुडण्याआधी दात कपाच्या काठाला लागतो तो. टिण्. त्यांना इच्छा असो वा नसो, कान ऐकतोच, आणि निकालही देऊन टाकतो. कप खणखणीत आहे. त्यात कुठेही तडा नाही.